छत्तीस इंची मिठागर

खाड्! गाडा डाव्या टोकाला जाऊन आपटला, लाल दिवा लुकलुकला आणि मशीन गप्प. सकाळपासून पाचव्यांदा.

“मर मेल्या,” मी म्हटलं. “आजच मरायचं होतं तुला?”

मशीन म्हणजे माझा प्लॉटर. छत्तीस इंची रोलवर शाईचा गाडा डावी-उजवीकडे पळवत मोठाले नकाशे छापणारा. रोह्याजवळ वरसेच्या माझ्या घरात, लोकांचा सोफा असतो त्या जागी हा बसलाय. धाटावच्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं ड्रॉइंग सेक्शनला काढली. आधी हाताने ट्रेसिंग, मग कॉम्प्युटर. सेक्शन बंद केला तेव्हा निरोपाला शाल देत होते. मी म्हटलं, शाल राहू द्या, तो प्लॉटर द्या. तसाही भंगारातच चालला होता. टेम्पोत घालून आणला, आणि आता रोह्यातल्या इंजिनियर लोकांच्या घरांचे नकाशे छापून देते. तोंडाने मी फटकळ आहे, हे त्या सगळ्यांना ठाऊक आहे. ओल्या प्रिंटला कोणी बोट लावलं तर बोट तोडीन, असं मी साहेबालासुद्धा सुनावलं होतं.

पण आज छापायचं होतं ते इंजिनियरचं काम नव्हतं, माझ्या आत्याचं होतं.

धोंडुबाई, माझ्या वडलांची बहीण. मी चार वर्षांची असताना माझी आई गेली, तेव्हापासून हिनेच मला वाढवलं. पेणच्या खाडीकडे आमचं मिठागर होतं. मला बांधावर सावलीला बसवून ही दिवसभर मीठ ओढायची. शाळा संपल्यावर हात धरून आयटीआयला नेऊन बसवलं तेही हिनेच. गेली सहा वर्षं ती माझ्याकडे होती. उद्या सकाळी तिचा मुलगा मितेश गाडी घेऊन येणार होता, तिला भरूचला न्यायला. कायमचं. त्याची तिकडे नोकरी, आईला गुडघ्यांचा त्रास. तो चुकीचं काही करत नव्हता, म्हणून तर मला जास्त राग येत होता.

आता ते मिठागर नाही. बांध फुटला, खाडी आत आली, तिवरं माजली. पण आत्याला मीठ पिकवायचं एकेक कुंड पाठ. गेली दोन वर्षं संध्याकाळी ती सांगायची आणि मी कॉम्प्युटरवर रेघा मारायचे. उघाडीपासून, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या झडपेपासून, डावीकडे लांबोडं, मग सासवेचं, मग रडकं. रडकं का? तर त्यात कधी नीट मीठच धरलं नाही. आणि शेवटी बायजाचं. बायजा म्हणजे माझी आई. ते कुंड ती ओढायची.

स्क्रीनवरचं आत्याला काही दिसत नाही. मोठ्या कागदावर छापून, गुंडाळी करून तिच्या हातात द्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रविवार, पेणचं प्लॉटिंगचं दुकान बंद. आणि उघडं असतं तरी मी गेले नसते. स्वतःच्या घरात प्लॉटर असताना दुसऱ्याच्या दारात? छे!

दुरुस्तीवाल्या प्रणितला फोन लावला.

“मॅडम, गाडा आपटतोय म्हणजे बोर्ड गेला. द्या भंगारात.”

“तुझं डोकं दे भंगारात,” म्हणून मी फोन ठेवला.

बोर्ड गेला असता तर दिवाच लागला नसता, एवढं कळतं मला. प्लग काढला. गाडा हाताने सरकवून बघितला, उजवीकडे लोण्यासारखा चालला, डावीकडे जरा खरखरला. पट्टा तपासला, नीट होता. चाकं पुसली. रुळाला तेलाचं बोट फिरवलं. प्लग लावला, चालू केला. खाड्!

आत्या उंबऱ्याशी बसून बिरडं सोलत होती. श्रावणातलं शेवटचं बिरडं माझ्या हातचं खा, म्हणाली होती. वालाची सालं परातीत पडत होती.

“नूतन, मशीनला शिव्या नको देव गो. त्याला पन कलतं.”

“कळतं तर चालत का नाही मग?”

उरली होती ती पट्टी. गाड्याच्या मागून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पारदर्शक पट्टी ताणलेली असते, तिच्यावर डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक रेघा. गाडा त्या मोजत जातो, म्हणून आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. ती घाण झाली की तो चुकतो आणि जाऊन आपटतो. पुन्हा प्लग काढून मी डाव्या अंगाचं झाकण खोललं आणि टॉर्च मारला.

आत, पट्टीच्या बरोब्बर वर, एक पुरचुंडी बांधलेली होती. हिरव्या लुगड्याचा तुकडा. ओलाकिच्च. खाली पट्टीवर पांढरा थर. बोटाने जिभेला लावून बघितलं. मीठ!

“आते! हे कोणी ठेवलं?”

“मीच. पावसाची ओल धरते ना तुजं मशीन. मीठ ओल ओढते.”

“ओढतं आणि मग पाझरतं! एवढं आयुष्य मिठात गेलं तुझं, एवढी अक्कल नाही? सगळं खाऊन टाकलंस माझं मशीन!”

बोलले आणि जीभ चावली. तिने एक वाल सोलला, दुसरा सोलला. मग खालमानेने म्हणाली, “मागच्या पावसात बंद पडला तवा तू जेवली नव्हतीस. म्हनून ठेवलं.”

मला रडूच आलं. तिच्याकडे पाठ करून मी पाणी कोमट करायला गेले.

मऊ फडकं पिळून पट्टी दोन्ही बाजूंनी पुसत आले. टॉर्चमध्ये स्वच्छ दिसली. चालू केलं, खाड्! पुन्हा पुसली, पुन्हा खाड्. मी स्क्रूड्रायव्हर टाकून खाली बसले.

“सरक,” आत्या म्हणाली. गुडघ्यावर हात देऊन उठली, मला आधी प्लग काढायला लावला, फडकं माझ्या हातातून घेतलं आणि पट्टी दोन बोटांत हलकेच धरून चालत गेली. एवढं बारीक तर तिला दिसतही नव्हतं. मध्येच थांबली. “हितं हाय.” तिथे मी पुसलं. पुढे परत थांबली. “हितं पन. बारीक कनी हाय.” चार ठिकाणी थांबली. मीठ कुठे आहे ते त्या बोटांना मी काय शिकवणार?

चालू केलं. गाडा डावीकडे गेला, थांबला, शहाण्यासारखा परत आला. आणि छापायला लागला.

सहा फूट कागद हळूहळू बाहेर आला. उघाडी, लांबोडं, सासवेचं, रडकं, बायजाचं. आत्याला वाचता येत नाही. ती म्हणाली, “खाली टाक.”

मी जमिनीवर पसरला. ती न्हाणीत गेली, पाय धुऊन आली. मिठाच्या बांधावर चिखलाचा पाय घालायचा नाही, हा तिचा जन्माचा नियम. वाकून कागदाला हात लावून नमस्कार केला आणि ओल्या पायांनी नकाशावर चढली.

शाई ताजी होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

उघाडीपासून ती बांधाच्या रेघेवर पाऊल ठेवत निघाली, पावलापुढे पाऊल, एकाही कुंडात पाय न घालता. “हे लांबोडं,” ती म्हणत होती. “हे सासवेचं. हे मेलं रडकं.” शेवटच्या कुंडाशी थांबली आणि मग दोन्ही पाय आत ठेवून उभी राहिली.

“बायजा हितंच उभी असायची,” म्हणाली. “तू त्या बांधावर. ये ना गो.”

मी चपला काढल्या आणि तिने दाखवलेल्या बांधावर जाऊन उभी राहिले. साठीला आलेली बाई मी, आत्याचा हात धरून हुंदके देत होते.

दुसरी प्रत काढली, ती गुंडाळी होऊन तिच्याबरोबर भरूचला गेली. पहिली माझ्या भिंतीवर आहे. आईच्या कुंडात दोन पावलं उमटलीत, शाई फाकून निळी झालेली. इंजिनियर लोक येतात, विचारतात, मॅडम, प्रिंट खराब झाली की काय? मी त्यांना हात लावू देत नाही.