सहा पॉइंट एकच्या आत

उपाशीपोटी रक्तातली साखर किती झाली की माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर आला म्हणायचं, यावर राजधानी सोफियातल्या डॉक्टरांच्या समितीनं चार महिने नुसता काथ्याकूट केला. जुनी रेघ तिकडच्या मापात ६.१ वर होती, म्हणजे आपल्याकडचे ११०. ती ५.६ वर आणा, म्हणून डॉक्टर वेलिका हटून बसली होती आणि निम्मी समिती कपाळाला हात लावून म्हणत होती, असं केलं तर अर्धा देश आजारी ठरेल. त्यांचंही काही खोटं नव्हतं हो. धडधाकट माणसामागं तपासण्यांचा ससेमिरा उगाच कशाला लावायचा?

शेवटी पारडं फिरलं ते वेलिकाच्याच आकड्यांनी. माहेरच्या खेड्यातल्या आठशे जणांचं रक्त तपासून तिनं पुढं बारा वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली होती. आकडा ६.१ किंवा वर असला तर पत्र जाई. त्याच्या आत असला तर 'सगळं ठीक' एवढाच निरोप. हा नियम तिचाच. सावध केलं की माणूस खाणंपिणं बदलतो, मग रेघेच्या आतल्यांचं पुढं काय होतं ते कळणार कसं? कुणाला तरी अंधारात ठेवणं भाग होतं.

त्या अंधारातल्यांत तिचा धाकटा भाऊ मिंचो होता. आकडा ५.९. छपरांवर कौलं घालायचं त्याचं काम. मागच्या हिवाळ्यात साखरेपायी त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. इस्पितळात तो येईल त्या नर्सला सांगे, माझी सख्खी बहीण डॉक्टर आहे, आधी काही असतं तर तिनं मला सांगितलं नसतं होय? वेलिका तिथंच उभी असे आणि त्याचं पांघरूण सारखं करत राही.

गुरुवारी मतदान झालं. नऊ विरुद्ध सहा, रेघ ५.६ वर आली. शनिवारी सकाळी वेलिकानं गाडी काढली आणि ती थेट भावाच्या घरी गेली. आज सांगायचंच, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

मिंचो अंगणात बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवून. मतदानाच्या बातमीत बहिणीला टीव्हीवर बघून स्वारी खुशीत होती. केस तरी विंचरून जायचं होतंस, म्हणून त्यानं तिची फिरकी घेतली. त्याच्या बायकोनं, त्सोनानं, चीज घातलेली गरम बानित्सा, पापुद्र्यांची भाजलेली पोळी, पुढं ठेवली. वेलिकानं एक घास घेतला आणि ताटली बाजूला सारली.

"तू रक्त तपासलंस तेव्हा माझी साखर किती होती गं?" मिंचोनं सहज विचारलं.

कागद फक्त तिच्यापाशी होते. साडेचार म्हणाली असती, तरी कोण बघायला जाणार होतं?

"पाच पॉइंट नऊ."

त्सोनाच्या हातातली सुरी थांबली. मिंचोनं जरा हिशेब केला. "मग जुन्या रेघेच्या आतच की. तुझं काय चुकलं त्यात? नियमच तसा होता."

तो तिला सोडवू बघत होता. तेच तिला सोसवेना.

"नियम मीच केला होता, मिंचो. आणि तुझा आकडा बघून माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आपल्या बाबांचंही असंच सुरू झालेलं. पण तुला एकट्याला सांगितलं असतं तर सगळं काम वाया गेलं असतं. म्हणून गप्प बसले."

त्सोना उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मिंचो जमिनीकडं बघत होता, जिथं त्याचा पाय असायला हवा होता तिथं.

"माझ्यासारखे किती?" त्यानं विचारलं.

"दोन रेघांच्या मधले? एकशे सदतीस. त्यातल्या एक्केचाळीस जणांना पुढं मधुमेह झाला."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना अजून काहीच माहीत नाही. पत्रं काढणार आहोत."

"पत्रं," मिंचो म्हणाला. त्यानं कुबड्या ओढल्या आणि दात-ओठ खात तो उभा राहिला. तिनं हात पुढं केला, तो त्यानं झिडकारला.

"ताई, माफीचं मला विचारू नकोस. मला आत्ता ते जमायचं नाही. पण यादी आण. शेजारचा राडुल आहे का त्यात?"

"आहे."

"मग त्याच्यापासून सुरू करू. बोलायचं तू. मी नुसता दारात उभा राहीन, म्हणजे त्यांना पटेल."