निवडुंग भाजायची पाळी

महेश्वरीनं टेम्पोतून निवडुंगाची पाच पोती उतरवून घेतली, तेव्हा शिवगंगाबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. पोत्याच्या तोंडातून हिरवे, जाड, ताटलीएवढे फडे दिसले आणि त्यांचा हात सुपातच राहिला.

"हे काय आणलंस गं?"

"चारा आहे आज्जी. माळाच्या कडेला लावायचा. हात लावून बघा, काटाच न्हाय ह्याला."

नात धाराशिवच्या कॉलेजात शेतीचं शिकत होती, आणि तिथं ऐकलेलं घरी सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. हे मूळचं मेक्सिकोकडच्या कोरड्या मुलखातलं, ती म्हणाली. तिथं पानं ठेवणं परवडत नाही, पानातून पाणी उडून जातं. म्हणून ह्यानं पानांचे काटे केले आणि पाणी खोडात साठवलं. दिवसा तोंड मिटून बसतं, रात्रीच्या गारव्याला श्वास घेतं. माणसांनी पुढं त्याची बिनकाट्याची जात निवडली. आता कुठल्या कुठल्या वाळवंटांत शेळ्यामेंढ्या ह्याच्यावर जगतात.

"आपल्या दारात नको," शिवगंगाबाई म्हणाल्या. "परत पाठव."

"अवो, पण का?"

त्या उठून आत गेल्या. ह्याचं उत्तर त्यांनी पन्नास वर्षांत कुणाला दिलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात लोहाऱ्याच्या आसपास हिरवं म्हणावं असं कुंपणाच्या निवडुंगाशिवाय काही उरलं नव्हतं. घरची जनावरं विकली गेली. एक तांबडी गाय तेवढी ठेवली, कारण थोरली जाऊ लक्ष्मम्मा हिची नीला चार महिन्यांची होती आणि आईच्या अंगावर दूध नव्हतं. सासरे गुंडप्पांनी पाळ्या लावून दिल्या. निवडुंग तोडायचा, जाळावर धरून काटे जाळायचे, तुकडे करून गाईला घालायचे. सकाळी लक्ष्मम्मा, संध्याकाळी शिवगंगा. मोठे काटे चटकन जळतात. त्यांच्या बुडाशी केसांसारखी कुसळं असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी फडा उलटून दोन्ही बाजूंनी सारखाच भाजावा लागतो.

शिवगंगा तेव्हा सोळा वर्षांची. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून हाताला फोड आलेले, त्यात जळण संपत आलेलं. एका संध्याकाळी तिनं फड्यांची एक बाजू भाजली, दुसरी नुसती जाळावरून फिरवली आणि ते तसेच गाईला घातले. सकाळी लक्ष्मम्मानं आपल्या पाळीचा चारा घातला, आणि दुपारी गाईच्या तोंडाला फेस आला. जीभ सुजली. आठव्या दिवशी गाय गेली.

"कुणाच्या हातचा चारा?" गुंडप्पांनी विचारलं. सगळ्यांनी लक्ष्मम्माकडं पाहिलं. शिवगंगा चूल फुंकत राहिली.

नीला रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या पेजेवर जगली. पण पोटच्या पोरीचं दूध तोडणारी, हे नाव लक्ष्मम्माला चिकटलं ते चिकटलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मम्माच काठी टेकत आल्या. दोन घरं पलीकडंच राहत होत्या. डोळ्यांनी आता जेमतेम दिसायचं.

"कुठं हाय गं तुजा टक्कल केलेला निवडुंग?"

महेश्वरीनं हसून एक फडा त्यांच्या हातात दिला. लक्ष्मम्मांनी तो चाचपला. मग उलटून पुन्हा चाचपला, कडेनं बोट फिरवलं.

"भाजायचा न्हाय म्हणतीस?"

"न्हाय, तसाच घालायचा."

"तरी भाज बाई. दोन्हीकडनं. म्या एकदा अर्धाच भाजला, अन् गाय मारली. अगुदर वाटायचं, म्या नीट भाजला व्हता. पण एवढी घरची माणसं खोटं कशाला बोलतील? मग हळूहळू आठवायलाच लागलं. एक फडा एका बाजूनं कच्चाच राहिला व्हता."

शिवगंगाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. थोरल्या जावेवर, अक्कावर आळ आपण येऊ दिला, पण ती निर्दोष आहे हे तरी तिचं तिला ठाऊक असेल, ह्या एका विचारावर त्या इतकी वर्षं झोपल्या होत्या. आपण तेवढंही तिच्याकडं राहू दिलं नाही.

"अक्का," त्या म्हणाल्या, "तो फडा म्या भाजला व्हता. आदल्या संध्याकाळी. मला तवाच ठाऊक व्हतं."

महेश्वरीनं आजीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. लक्ष्मम्मांनी फडा मांडीवर धरून पुन्हा चाचपला.

"मग मला कसा आठवतो गं तो?" त्यांनी विचारलं.

शिवगंगाबाई पुढं झाल्या. पाया पडायला त्या वाकल्या, तशी लक्ष्मम्मांनी काठी आडवी धरली.

"पाया पडून मोकळी व्हऊ नगंस. मामंजी गेले, माझे धनीबी गेले. त्यांना आता कोण सांगणार? नीला तेवढी हाय. माझ्या सुनेला आजबी हसून सांगती, आमच्या आईला चारा घालू देऊ नगं. हसूनच सांगती, पण सांगती. तिला सांग."

"सांगते. दिवाळीला आली की..."

"आत्ता."

महेश्वरीनं फोन लावून आजीच्या हातात दिला. पलीकडून नीला म्हणाली, "काय काकू, आज सकाळी सकाळीच?"

"नीला, तांबडी गाय... तुझ्या आईनं..." त्या पुटपुटल्या.

"मोठ्यानं बोल गंगे," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "मलाबी ऐकायचंय."

शिवगंगाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.