तानाच्या नावाचं कडवं

माह्या तोंडाले काटे हायेत, हे मी कौशल्याबाई आधीच सांगून ठेवते. सुलतानपूरच्या आमच्या ख्रिस्ती भजनी मंडळात मी पुढं उभी राहून पद म्हनते, अन् कोनाचा टाळ चुकला का तिथंच त्याची हजामत करते. आमचे मालक, निवृत्ती, ढोलकीवर असतात. तेही सुटत नाईत.

चौसष्ट सालच्या नाताळाची गोष्ट हाय. चिखलीले चर्चच्या मैदानात भजनाचा मेळा होता. दहा-बारा गावची मंडळं येनार, अन् पहिल्या नंबरले नवी कोरी पेटी. आमच्या जुन्या पेटीतून निस्ता वारा निघे, सूर काही निघत नव्हता. त्या नव्या पेटीनं मले पार येडं केलं होतं. सपनातबी तिच्यावर बोटं फिरवून राह्यली होती मी. पन मेळ्याचा कायदा असा, का पद मंडळातल्याच मानसानं रचलेलं पाह्यजे अन् शेवटच्या कडव्यात रचनाऱ्याचं नाव पाह्यजे. ते कडवं झालं का सारा मांडव आमेन म्हने. नाव घालून जे म्हटलं, ती त्या मानसाची देवापुढची साक्ष. तिच्यात खोटं चालत नाई.

आमच्यात पद रचनारी एकच, माही धाकटी जाऊ तानाबाई. अन् तानानं दोन वर्सापासून चर्चात पाय ठेवला नव्हता. तिची पाच वर्साची रूथ गोवरानं गेली. तीन दिवस सारं घर गुडघ्यावर होतं, पाळकसाहेबायनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, अन् चौथ्या दिवशी पोरगी गेली. मले मोठीआई म्हने ती, माह्याच ताटात जेवे. त्यानंतर एकदा ताना मले म्हटली, "बाई, तो हाय का नाई, हेच मले समजून नाई राह्यलं." मी तिले इतकी बोलली त्या दिवशी, का ती पुन्हा त्या गोष्टीवर आलीच नाई.

मंग एक दिवस कापूस वेचता वेचता, आपल्याच नादात, ती गुनगुनाली:

याइराची लेक, उठविली हाती
माझी लेक माती पांघरून

माहा हात बोंडावरच राह्यला. येशूनं याइराच्या मेलेल्या लेकीचा हात धरून तिले उठवलं, ही गोष्ट आमी हजारदा ऐकली असंन, पन त्याले उलटून असं कोनी विचारलं नव्हतं. मी तिच्या मांगं लागून सारं पद काढून घेतलं. अंगावर काटा अन् पोटात आनंद, असं दोन्ही झालं मले.

"ताने, हे मेळ्याले म्हनू," मी म्हटलं.

"म्हना. मी येनार नाई," ती म्हने. "पन जसं हाय तसं म्हनजा, बाई. माहं नाव हाय त्याच्यात."

मी हो म्हटलं.

पद आधी पाळकसाहेबाले दाखवा लागे. भगवानराव पाळक भला मानूस, पन नियमाचा पक्का. कागद वाचून त्यायनं चष्मा काढला. "कौशल्याबाई, फार सुंदर आहे. पण शेवट संशयातच राहतो. साक्ष अशी नसते. तेवढं कडवं बदलून घ्या, नाहीतर मेळ्यात घेता येणार नाही."

पेटी डोळ्यापुढून जाऊन राह्यली होती. घरी आली, चुलीम्होरं बसली, अन् भाकरी भाजता भाजता नवं कडवं जुळवलं. तानाले सांगतलं नाई. ती येनारच नाई, मंग तिले काय समजते? अन् तिच्या नावानं चांगलंच तर म्हनून राह्यलो आपन. खरं सांगते, लाज वाटली नाई. उलट माहंच कडवं म्हनताना मले रडू आलं, अन् मी ते पाचदा म्हटलं.

मेळ्याच्या दिवशी काय गर्दी होती, माय व माय. पिंपळगाव राजाचं मंडळ झालं, त्यायनं मांडव हालवला. मंग आमचा नंबर. मालकानं ढोलकीवर थाप मारली अन् मी आवाज लावला. पहिल्याच कडव्याले बायायची कुजबुज थांबली. याइराच्या लेकीचं कडवं आलं, तसा एक मानूस फेटा काढून डोळे पुसू लागला. मले वाटलं, आता जिकलो. इतकी खुशी मले माह्या लग्नातबी झाली नव्हती.

अन् तवाच मांडवाच्या तोंडाशी मले ताना दिसली. दुपारच्या एसटीनं आली असंन. दोन वर्सानं बाई देवाच्या मांडवात उभी होती, ते बी आपलंच पद ऐकाले.

अजून एक कडवं बाकी होतं. थांबता आलं असतं मले. पन पाळकसाहेब समोर बसले होते, पेटी टेबलावर चमकून राह्यली होती, अन् मी म्हनून गेली:

ताना म्हणे आता, निमाला हा शोक
स्वर्गी माझी लेक गाते गीत

तीनशे मानसायनं एका आवाजात आमेन म्हटलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यायतून ताना चालत पुढं आली, अन् टाळ्या आपोआप थांबल्या.

"हे मी म्हटलं नाई," ती म्हटली. आवाज चढवला नाई तिनं. "नाव माहं हाय, बोल माहा नाई."

पाळकसाहेब उठले. त्यायचं तोंड उतरलं होतं. "खरं म्हणजे कडवं मी बदलायला लावलं होतं," ते म्हटले. "तुमचं जसं होतं तसं म्हणा, तानाबाई."

तानानं ना ढोलकी घेतली ना टाळ. तशीच उभी राहून म्हटलं:

ताना म्हणे देवा, नाही म्हणू कसं
होय म्हणू कसं, सांग तूच

आमेन कोनी म्हनंना. म्हनावं तरी कशाले? कोनी पाळकसाहेबायकडे पाहे, पाळकसाहेब जमिनीकडे. ताना एकटी उभी होती.

आमेन मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, गळा फुटेपर्यंत. म्हनता म्हनताच मले समजलं, का ते शोक गेल्याचं कडवं मी तानासाठी रचलंच नव्हतं, माह्यासाठीच रचलं होतं. रूथ गेली तवापासून रोज प्रार्थनेत मी देवाले धन्यवाद म्हनून राह्यली होती, अन् एकदाबी मनापासून म्हटलं नव्हतं. तानानं माह्याकडं पाह्यलं. मी तिचा हात धरला, अन् दोघी तिथंच खाली बसलो.