बॅच म्हणायला बंदी

"परत म्हणालात, ग्लेंडा मॅडम," काउंटरवरचा छापील फलक सरळ करत मॅनेजर टोबी म्हणाला. "बॅच नाही. रोल. तिसरं ताकीदपत्र द्यायला लावू नका."

ग्लेंडाला त्याच्या तोंडाकडे बघवेना. कॉव्हेंट्रीच्या या कारखान्याच्या कँटीनमध्ये सव्वीस वर्षं ती गोल पाव चिरून त्यात बेकन भरत आली होती, आणि त्या पावाला इथे बॅच म्हणतात. नॉटिंगहॅमवाले कॉब म्हणतात. तिचा बोल्टनचा नवरा मरेपर्यंत बार्म म्हणत राहिला आणि तिने त्याला मरेपर्यंत टोमणे मारले. पण ती घरची भांडणं. लंडनच्या ठेकेदाराने कँटीन घेतलं आणि सगळ्या शहरांना एकच फलक छापून पाठवला. रोल म्हणताना तिला साबण चाटल्यासारखं व्हायचं. वर म्हणे, कंपनी गिऱ्हाईक बनवून गुपचूप माणसं पाठवते, ऐकायला! किळस यावी असला धंदा. पण पेन्शनला दहा महिने होते, आणि तिसऱ्या पत्रानंतर घरी बसवणार होते.

दहाच्या सुट्टीत क्लाइव्ह आला. पत्रे ठोकायच्या प्रेस खात्यात एकेचाळीस वर्षं काढून आज निवृत्त होत होता. शेवटच्या दिवशी आपल्या खात्याला बेकन बॅच चारायची, ही इथली रीत. काउंटरवरून ती ऑर्डर खणखणीत आरोळी देऊन आत जायची आणि सगळं कँटीन टेबलं बडवायचं.

"ग्लेंडे, बावीस काढ! त्यातली एक तुला, माझ्याकडून."

"फुकटचं खाऊन अजून फुगू होय रे?"

"फूग की! उद्यापासून बघायला मी थोडाच आहे? चल, दे आरोळी."

माणसांनी टेबलांवर हात ठेवले. क्लाइव्हच्या मागे एक अनोळखी माणूस उभा होता, कोऱ्या शर्टातला, फलक वाचणारा. हा कंपनीनेच पाठवलेला असणार, ग्लेंडाने ताडलं.

"बावीस रोल," ती आत वळून म्हणाली. "क्लाइव्हचे."

एकही टेबल वाजलं नाही. क्लाइव्हने पुड्या पिशव्यांत भरल्या, त्यातली एक काढून तिच्यासमोर ठेवली. "हा तुझा रोल," तो हळूच म्हणाला आणि गेला. त्यात टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं.

अनोळखी माणूस पुढे आला. "सॉसेजची एक बॅच द्या, बाई. ते रोलबिल आपल्याला नाही जमत. मी नवा वायरमन, इथलाच, बेडवर्थचा."

खिडकीतून क्लाइव्ह अंगण ओलांडताना दिसत होता. ग्लेंडाने वायरमनला बॅच भरून दिली. तिला स्वतःचीच शिसारी आली होती. क्लाइव्हने दिलेली बॅच तिच्याने खाववली नाही, आणि टाकवलीही नाही. संध्याकाळी बसमध्ये ती गार पुडी दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली होती.