एर्मिनियाच्या खांद्यावर पडलेलं दार

मासे विकणारीच्या गाडीला मागचं दार म्हणजे सगळं काही. ते वर उचललं की तेच माझं छप्पर आणि तेच दुकान. खाली बर्फाच्या पेट्या, पेट्यांवर वाकलेल्या बायका. तीस वर्षं मी पहाटे फिगेइराच्या बंदरावरून मासे उचलते आणि डोंगरातल्या सात गावांत हॉर्न वाजवत फिरते. डोंगरातल्या बायका मासा हातात धरल्याशिवाय घेत नाहीत. कल्ले उघडतात, पोट दाबतात, शेजारणीला दाखवतात. त्यासाठी डोकं गाडीत घालावंच लागतं.

ईस्टरआधीच्या उपासांतला शुक्रवार होता, मटण वर्ज्य, म्हणजे माशांच्या विक्रीचा मोठा दिवस. सोब्रादु गावात ते दार एर्मिनियाच्या खांद्यावर पडलं. ती चौऱ्याऐंशी वर्षांची. हाड मोडलं नाही, पण खांदा काळानिळा झाला. तिने हातातलं माकुल नीट पेटीत ठेवलं आणि घरी निघून गेली.

पुढच्या शुक्रवारी मी दाराला झाडूचा दांडा टेकू म्हणून लावला. बायका आल्या, पण हातभर लांब उभ्या राहिल्या. "तूच निवडून दे गं," म्हणाल्या. तीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. एर्मिनिया आलीच नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही.

माझा मुलगा आर्मांदु फ्रान्सात असतो. फोनवर म्हणाला, "आई, पुरे झालं आता. उद्या कुणाच्या डोक्यात पडलं म्हणजे?"

त्याचं काही चुकीचं नव्हतं. ईस्टर झाला की गाडी विकायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पण तीस वर्षांचा शेवट एका म्हातारीच्या काळ्यानिळ्या खांद्याने व्हावा, हे काही गळ्याखाली उतरेना.

त्याच तिसऱ्या शुक्रवारी अदेरितु बांगडे घ्यायला आला. पूर्वी नदीकाठी त्याचं गॅरेज होतं, आता द्राक्षं बघतो. एर्मिनियाच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर.

"काय गं देओलिंदा, मासे विकतेस की झाडू?"

"हसा. पुढच्या महिन्यात तेही विकणार नाही."

त्याने मान आत घातली. दाराच्या दोन्ही बाजूंना गॅसचे दांडे असतात, दार तोलून धरणारे. ते त्याने बोटाने दाबून पाहिले.

"हे कुणी बसवले?"

"मीच. मुलाने गेल्या वर्षी नवेकोरे पाठवले होते. एका हिवाळ्यात मेले. फालतू माल."

"माल ठीक आहे, बसवणारी जास्त शहाणी निघाली. उलटे लावलेस, बाई!"

"उलटे कसे? जाड नळी खाली, बारीक दांडी वर. बाटली उभी करतो तशी. तोंड वर असलं की सांडत नाही."

तो इतका हसला की समोरच्या ओसरीवरचा कुत्रा भुंकायला लागला. "तुम्हा समुद्राकडच्यांना वाइन आली की प्यायची एवढंच माहीत. चल माझ्याबरोबर."

तो मला त्याच्या तळघरात घेऊन गेला. भिंतभर बाटल्या आडव्या ठेवलेल्या.

"आडव्या का ठेवल्यात, सांग."

"जागा वाचते म्हणून."

"बूच ओलं राहावं म्हणून! उभी ठेवली की बूच सुकतं, आकसतं, मग आतलं बिघडतं. तुझ्या नळीत गॅस दाबून भरलेला असतो, बरोबर थोडं तेल. दार मिटलेलं असताना दांडी खाली पाहिजे, म्हणजे तेल तोंडाशी येतं, तिथलं रबर ओलं राहतं. तुझं रबर वर्षभर सुकत बसलं आणि गॅस हळूहळू निघून गेला."

मी पायरीवरच बसले. "म्हणजे एर्मिनियाला मीच मारलं म्हणायचं."

"तिला दाराने मारलं. ऊठ, रडायचं नंतर. टेकू धर."

त्याची गाडी माझ्याच गाडीची जुळी बहीण. ती त्याने पडवीतून बाहेर काढली, माझ्या गाडीशेजारी लावली आणि तिच्या मागच्या दाराचे दांडे उतरवायला लागला.

"अहो, तुमचे कशाला? मी मुलाला सांगून मागवते ना."

"ते येईपर्यंत ईस्टर होऊन जाईल. माझ्या गाडीत असतं काय? मी, कात्री आणि कुत्रं. नवे आले की मला दे."

त्याने एकेका बाजूचंच काम काढलं. बारक्या स्क्रू-ड्रायव्हरने टोकावरचा तारेचा चाप उचलला की दांडा आतल्या लोखंडी गोळीवरून टचकन सुटायचा. गोळ्या खारट पाण्याने गंजल्या होत्या. त्याने त्या घासून चकचकीत केल्या, चिमूटभर ग्रीस लावलं. मी दांडीलाही लावायला गेले तर हातावर फटका बसला.

"तिला काही लावायचं नाही. खवले चिकटतात आणि रबर कापतात. कोरडं फडकं, बस्स!"

दांडी खाली, नळी वर, असे दोन्ही बसले. मग त्याने टेकू काढून घेतला. दार राहिलं. शहात्तर वर्षांचा हा माणूस दाराच्या कडेला दोन्ही हातांनी लोंबकळला. दार खाली वाकलं, आणि त्याने हात सोडताच सावकाश वर गेलं.

मग भिंतीपाशी जाऊन त्याने हाक मारली, "एर्मिनिया! बाहेर ये, तुझी कोळीण आलीय."

ती आली. शाल घट्ट धरून चार पावलं लांब थांबली. बाकीच्या बायकाही टोपल्या घेऊन तिच्या मागे उभ्या राहिल्या.

"आधी तू घाल डोकं," ती मला म्हणाली.

मी पेट्यांवर ओणवी झाले. तिने स्वतः दाराला हात लावून पाहिला, खाली ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. मी तशीच वाकून होते. तोंडाशी बर्फ होता, तरी कान गरम झाले होते. माफी मागायला शब्द जुळवत होते.

"एर्मिनियाबाई, खांदा..."

"खांदा माझा आहे, मी बघेन. ही तारली कालची का?"

"आज पहाटेची!"

"मग डोळे असे का?"

मागून कुणीतरी हसलं. कोपर लागलं, टोपली लागली, बायका पुढे सरकल्या. मी अदेरितुकडे पाहिलं, तर तो आपले बांगडे घेऊन कधीच निघाला होता.

"सरक गं," एर्मिनिया माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाली, "उजेड अडवतेस."

मी सरकले. तिने डोकं आत घातलं.