जिन्यावरून पडलेला भाडेकरू

कर्वेनगरच्या हिराताई रणपिसे तीस वर्षं तहसील कचेरीत नोकरीला होत्या. पंचनामा जागेवर न जाता टेबलाशी बसूनच लिहितात आणि पंच तो न वाचता सही करतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तशा सह्या त्यांनीही पुष्कळ केल्या होत्या.

त्यांच्याकडे आदम नावाचा सुदानी विद्यार्थी भाड्यानं राहायचा. परदेशी लोकांचे व्हिसा तपासणाऱ्या पथकानं मंगळवारी त्याला दारातच दांडक्यानं बडवलं. व्हिसा मार्चपर्यंत आहे, हे नंतर बघितलं. हिराताईंनी वरपर्यंत लेखी तक्रार केली आणि पथकाची चौकशी लागली. चौथ्या दिवशी पथकाचे साहेब स्वतः पंचनामा घेऊन हजर.

"घरमालकीण म्हणून आपली सही हवी, मॅडम. आपण सरकारी नोकरीतल्या, आपल्याला काय सांगायचं?"

"मग नका सांगू," म्हणत हिराताईंनी चष्मा लावला आणि सगळा कागद वाचून काढला. आदम पळून जाताना जिन्यावरून पडला आणि त्याचा हात मोडला, असं त्यात लिहिलं होतं. प्लास्टरमधला हात सांभाळत आदम समोरच बसला होता.

"पेन द्या."

साहेबांनी खूश होऊन पेन पुढे केलं. हिराताईंनी मजकुराखाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'घर बैठं आहे. जिना नाही. हात यांच्या दांडक्यानं मोडला. मी समोर उभी होते.' खाली सही केली, तारीख घातली आणि मोबाइलवर फोटो काढून चौकशी अधिकाऱ्यांना पाठवला.

"अहो, हे काय केलंत?" साहेब ओरडले.

"सही," हिराताई म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा वाचून केली."