हिंदुरावांचे मेल कुठे गेले

हिंदुराव पिसाळ खोटं बोलतात, असं जिज्ञासाने कुठे लिहिलं नव्हतं. तिने एवढंच लिहून दिलं होतं, की 'दिलेल्या सात तारखांना या खात्यावरून एकही मेल गेलेला नाही.' तपासायला वीस मिनिटं लागली, लिहायला दोन. त्या एका ओळीवर कारखान्याने हिंदुरावांना घरी बसवलं, हे तिला आठ दिवसांनी कळलं. तेही ते स्वतः तिच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले तेव्हा.

जिज्ञासा भोईर अंबरनाथ पूर्वेला कामाला होती. खाली साड्यांचं दुकान आणि वर सहा माणसांचं ऑफिस. मालक भूपेशसर उल्हासनगरचे. आसपासच्या कंपन्यांचे मेल सर्व्हर उभे करायचे, सांभाळायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा. दुरुस्तीचं बहुतेक काम जिज्ञासाकडेच यायचं. एमआयडीसीतला रंग बनवणारा एक कारखाना त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक होता. हिंदुराव तिथे सेफ्टी सुपरवायझर होते.

महिन्यापूर्वी त्या कारखान्यात एका पंपाचं सील फुटलं होतं आणि गरम कॉस्टिक, कातडी जाळणारं रसायन, जनू नावाच्या कामगाराच्या हातावर नि मानेवर उडालं होतं. चौकशी सुरू झाली. हिंदुराव म्हणाले, "मी सात वेळा मेल करून कळवलं होतं." प्लांट हेड श्यामकांत साहेब म्हणाले, "मला एकही मिळाला नाही." मग चौकशी समितीने भूपेशसरांना विचारलं, भूपेशसरांनी जिज्ञासाला, आणि जिज्ञासाने ती ओळ लिहिली.

"त्या मेलवाल्या मॅडम तुम्हीच का?" हिंदुरावांनी विचारलं. पन्नाशी उलटलेला, सडपातळ माणूस. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांनी पिशवीतून सात कागद काढले आणि एकेक करून टेबलावर मांडले. "हे बघा. तारीख बघा, वेळ बघा. फोटोसुद्धा हाय पंपाचा. आता हे गेलंच न्हाई म्हणता, तर मग हे काय हाय?"

जिज्ञासाने कागद पाहिले. हिंदुरावांचा कंपनीचा पत्ता, श्यामकांत साहेबांचा पत्ता, विषय: 'पंप क्रमांक चार, सील गळती'. सगळं जागच्या जागी.

"काका, हे प्रिंट कुठून काढलेत?"

"माझ्या किर्तीच्या फोनवरनं. प्रत्येक मेलची एक कॉपी मी पोरीला लावून द्यायचो. आपलं असावं म्हणून."

भूपेशसर आतून बाहेर आले, कागदांवर नजर टाकली आणि जिज्ञासाला बाजूला घेऊन म्हणाले, "देख, प्रिंटआउट तो कोई भी बना लेगा. वर्डमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. आपण रिपोर्ट दिलाय, बात खतम. त्यांना चहा दे आणि प्रेमाने पाठव."

तिने चहा मागवला. हिंदुरावांनी तो प्यायला नाही. कागद पुन्हा पिशवीत भरताना त्यांनी ते कोपऱ्याला कोपरा लावून जुळवले. "छत्तीस वर्षं नोकरी केली मॅडम," ते म्हणाले. "खोटं बोलायचंच असतं, तर लहानपणीच शिकलो नसतो का?" आणि जिना उतरून गेले.

ती परत लॉग उघडून बसली. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी: कुणी किती वाजता काय पाठवलं, कुणाकडून काय आलं, सगळ्याची नोंद. हिंदुरावांचा पत्ता टाकून तिने पुन्हा शोधलं. इतर दिवशी त्यांचे मेल दिसत होते, सुट्टीचे अर्ज, हेल्मेटची मागणी. त्या सात तारखांना काहीच नाही. श्यामकांत साहेबांच्या खात्यातही नाही. म्हणजे तिची ओळ खरी होती. आणि ते कागदही खोटे वाटत नव्हते. फोटोत पंपाच्या पायाशी गळून वाळलेल्या कॉस्टिकचा पांढरा थर साचलेला होता. आठ दिवसांत घरी बसून असा थर कोण तयार करणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रिक्षा करून चामटोलीला गेली. हिंदुरावांचं घर गावाच्या कडेला होतं, मागे भाताचं खाचर. त्यांची बायको बनूबाई ओट्यावर शेंगा निवडत होती. जिज्ञासाने कंपनीचं नाव सांगताच तिचा हात थांबला.

"आता आणि काय लिहून न्यायला आलीस?"

"लिहायला नाही आले, काकू. बघायला आलेय."

किर्ती बारावीला होती. तिने फोन दिला. जिज्ञासाने मेल उघडला आणि त्याची मूळ प्रत काढली. प्रत्येक मेलला अशी एक आतली बाजू असते. तो कुठून निघाला, वाटेत कोणकोणत्या सर्व्हरवर थांबला, याचे शिक्के तिथे ओळीने लागलेले असतात. वाचता वाचता तिच्या कपाळावर आठी आली. मेल खरा होता. पण तो कारखान्याच्या सर्व्हरवरून निघालेलाच नव्हता. भलत्याच, अनोळखी सर्व्हरवरून निघाला होता, हिंदुरावांचं नाव लावून.

म्हणजे कुणीतरी त्यांच्या नावाने मेल पाठवत होतं? तिच्या कामात असं रोज घडायचं. कुणीतरी मालकाचं नाव घेऊन हिशेबनीसाला मेल करतं, कुणी बँकेचं नाव घेतं. पण पंपाच्या सीलबद्दल, फोटो लावून, तळमळीने लिहिणारा चोर तिने आजवर पाहिला नव्हता. तिला स्वतःचंच हसू आलं आणि लगेच मावळलं.

"काका, हे तुम्ही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून लिहायचात ना?"

"छ्या. ऑफिसात जायला वेळ कुठला? राउंड मारताना टॅबवर. कंपनीनंच दिलता, गेल्या वर्षी. त्यात ते चेकिंगचं अ‍ॅप हाय. फोटो काढायचा, टाइप करायचं, 'पाठवा' दाबायचं. घरी बसवलं तवा टॅब काढून घेतला."

ते अ‍ॅप दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचं होतं. कारखान्याने ते विकत घेतलं, आणि मेल सांभाळणाऱ्यांना सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. अ‍ॅप स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवत होतं. पाकिटावर पाठवणारा म्हणून अ‍ॅपचा पत्ता आणि आतल्या पत्रावर हिंदुरावांचा. लॉग फक्त पाकीट बघतो. तिने लॉगमध्ये हिंदुरावांना शोधलं होतं. ते तिथे असणारच नव्हते.

"मिळालं काय?" बनूबाईने विचारलं.

"अर्धं," जिज्ञासा म्हणाली. "पाठवलेत हे नक्की. पोचले का नाहीत, ते अजून कळत नाही."

बनूबाईने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून दिला.

ऑफिसात परत येऊन तिने मेलवरचा ओळख क्रमांक लॉगमध्ये टाकला. नोंद चटकन सापडली. सर्व्हरने मेल घेतला होता. समोर 'स्वीकारला' असं स्पष्ट होतं. मग स्वीकारून गेला कुठे? तिने पुढची ओळ वाचली. परत वाचली. मेल 'तपासणी' नावाच्या पेटीत टाकला होता.

ही पेटी तिला माहीत होती. तिनेच बनवली होती.

दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या मालकांच्या नावाने खोटे मेल यायला लागले होते. तेव्हा तिने एक नियम लिहिला. कारखान्याचंच नाव लावून बाहेरच्या सर्व्हरवरून काही आलं, तर ते कुणाला द्यायचं नाही, या पेटीत टाकायचं. नियम उत्तम चालला. खोटे मेल बंद झाले, भूपेशसरांनी सगळ्यांना समोसे खाऊ घातले. तिने नियमाची फाइल उघडली. वर तिच्याच हातची टीप होती: 'तात्पुरतं. पेटी दर सोमवारी बघायची. – जि.'

ती दर सोमवारी बघायची. तीन महिने. मग बदलापूरच्या एका शाळेचं काम आलं, मग आणखी कुणाचं, आणि सोमवार राहून गेले.

पेटीत एकोणीसशेच्या वर मेल होते. लॉटरी, कुरियर, खोट्या नोटिसा. त्या कचऱ्यात हिंदुरावांचे त्रेचाळीस मेल होते. सातच नव्हे. कुठे शिडीचा कठडा हलतोय, कुठे डोळे धुवायच्या नळाला पाणी नाही, आणि पंप क्रमांक चार. शेवटचा मेल अपघाताच्या आदल्या दिवशीचा: 'साहेब, उत्तर नाही. कृपा करून पंप बंद ठेवावा. माणसं तिथून ये-जा करतात.'

तिने तो तीनदा वाचला.

मग तिला आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती सुचली नसती तर बरं, असं तिला नंतर वाटलं. तारखा सोडून तिने सगळ्या खात्यांत नुसते 'पंप चार' एवढेच शब्द शोधले. एक मेल सापडला, अपघाताच्या साडेतीन महिने आधीचा. तो हिंदुरावांनी टॅबवरून नाही, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पाठवला होता, म्हणून नीट पोचला होता. श्यामकांत साहेबांच्या खात्यात होता. उघडून वाचलेला होता.

आता तिला काहीच धड कळेना. चूक तिची होती, हे कागदोपत्री होतं. पण त्रेचाळीस मेल पोचले असते, तर तो पंप थांबला असता? एक पोचला होता, तेव्हा कुठे थांबला?

भूपेशसरांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"टेक्निकल प्रॉब्लेम होता, मेल मिळाले, इतना ही लिख दे," ते म्हणाले. "तुझं नाव कशाला? नियम का भी क्यों बोलना?"

"मग ते विचारतील कुठे होते."

"विचारतील."

"आणि साहेबांचा तो वाचलेला मेल?"

"वो हमसे किसी ने पूछा है क्या? गिऱ्हाईकाचं खातं असं उघडून आपण बघायचं नसतं, जिज्ञासा. उद्या बाकीच्या कंपन्या काय म्हणतील?"

तेही खरं होतं. त्यामुळेच गोंधळ होता. घरी बदलापूर गावात आईने विचारलं, "काय झाला गो, जेवत का नाय?" तर सांगायला सुरुवात कुठून करावी, तेही तिला कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी अकराला चौकशी होती. भूपेशसर सोबत आले, हे तिला अनपेक्षित होतं. लांब टेबलापलीकडे समितीची तिघं, एका बाजूला श्यामकांत साहेब, दुसऱ्या टोकाला हिंदुराव. जिज्ञासा उभी राहिली. तिने लिहून नेलं होतं, पण कागदाकडे पाहिलंच नाही.

"माझा आधीचा रिपोर्ट चुकीचा आहे," ती म्हणाली. "मी चुकीच्या ठिकाणी शोधलं. पिसाळकाकांनी मेल पाठवले होते. सात नाही, त्रेचाळीस. ते सर्व्हरपर्यंत आले आणि मी लिहिलेल्या नियमामुळे अडकले. ती पेटी बघायचं काम माझं होतं. मी बघितली नाही."

श्यामकांत साहेबांनी सुस्कारा सोडला. "मी पहिल्यापासून हेच सांगतोय. मला मिळालेच नाहीत. मिळाले असते तर त्याच दिवशी पंप बंद केला असता."

जिज्ञासाने भूपेशसरांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते. मग त्यांनी हलकेच मान हलवली. बोल, म्हणून की नको म्हणून, ते तिला नीट उमगलं नाही.

"पंप चारबद्दलचा एक मेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून गेलेला आहे," ती म्हणाली. "तो अडकला नव्हता. मी शोधताना मला दिसला. समितीने स्वतः तपासून घ्यावा."

श्यामकांत साहेब काहीतरी बोलायला गेले. समितीतल्या बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं आणि जिज्ञासाला तारीख विचारून लिहून घेतली.

पुढच्या आठवड्यात हिंदुराव कामावर परत गेले. श्यामकांत साहेबांची दुसऱ्या प्लांटला बदली झाली. शिक्षा म्हणून की सोय म्हणून, कुणी सांगितलं नाही. कारखान्याने भूपेशसरांना कडक पत्र दिलं, पण सर्व्हर त्यांच्याकडेच ठेवला. जिज्ञासाने अ‍ॅपच्या मेलना ओळखपत्र लावून घेतलं, म्हणजे सर्व्हर त्यांना खोटे समजून अडवणार नाही, आणि ती पेटी आता तिघांच्या नजरेखालून जाते.

हिंदुराव भेटले तेव्हा तिने माफी मागितली. ते म्हणाले, "तुमच्यावर राग हाय. पण तुम्ही सोताहून आलात." आणि जनू उल्हासनगरच्या कुठल्या दवाखान्यात आहे, ते त्यांनी सांगितलं.

जनूच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. मान वळत नव्हती. त्याची बायको विठा स्टुलावर नुकसानभरपाईचा एक छापील फॉर्म घेऊन बसली होती, उलटा-सुलटा करत.

"तुम्ही कंपनीच्या?"

"कंपनीचे मेल बघते मी. चिठ्ठ्या येतात-जातात ना, त्या. पंप गळतोय अशी चिठ्ठी आली होती. ती माझ्याकडे अडकून राहिली."

विठाने तिच्याकडे पाहिलं. रागावावं की काय करावं, तेच तिला कळत नसावं. नवऱ्याकडे पाहिलं. जनू छताकडे बघत होता. "तुमच्याच एकटीकडं अडकली का?" तो म्हणाला.

जिज्ञासाने विठाच्या हातातल्या फॉर्मकडे पाहिलं.

मग विठाने फॉर्म पुढे केला. "लिहिता येतं ना तुम्हाला? आम्हाला यातलं काय समजत नाय. सायबाच्या सहीआधी भरायचा हाय."

ती पलंगाच्या कडेला बसली. नाव, वय, पत्ता, कामाचा प्रकार भरून झालं. पुढचा रकाना होता 'अपघाताचे कारण', आणि जागा एका ओळीची. शेजारच्या पलंगावर कुणीतरी खोकत होतं. तिने बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. पंप क्रमांक चारचं सील गळत होतं, हे चव्वेचाळीस वेळा लेखी कळवलं होतं, असं लिहून ती थांबली. चव्वेचाळीसातले पंपाचे नेमके किती? सात कागद आणि तो वाचलेला एक तिला माहीत होते, बाकीच्यांतले तिने मोजले नव्हते. तिने आकडा खोडला, 'अनेक वेळा' असं वर लिहिलं आणि उरलेलं समासात, कागद आडवा धरून लिहीत राहिली.